लिफ्ट किटच्या आधी चुना: गगनबावड्याच्या पाणंदीवरच्या एका पिकअपचं प्रकरण

गाडी इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस, फोर बाय फोर, खासगी नोंदणीची. मालकाचं घर कोल्हापुरात फुलेवाडीला, शेती गगनबावडा तालुक्यात. आठवड्याला तीन खेपा. जाताना पन्नासेक किलोमीटर डांबरी आणि शेवटचे तीन किलोमीटर पाणंद, म्हणजे शेतातली कच्ची गाडीवाट. मागच्या हौद्यात पंप, पाईपचा भारा, कधी ४५ किलोची युरियाची चार पोती. वजन आरसीवर लिहिलेल्या मर्यादेच्या आतच.

तक्रारी तीन होत्या. पाणंदीत गाडी खालून घासते. एका पावसाळ्यात दोन टायर बाजूने फाटले. आणि ओढ्यापलीकडच्या चढावर लाल चिखलात चाकं जागेवरच फिरतात. तिन्हींवर एकच उपाय म्हणून मालकाने एक कोटेशन आणलं होतं. त्यात १७ इंची, ९ इंच रुंद, उणे १२ ऑफसेटच्या रिम होत्या (ऑफसेट म्हणजे रिमची मधली रेषा आणि तिची गाडीला टेकणारी बैठक यांतलं मिमीमधलं अंतर; ते जितकं कमी तितकं चाक बाहेर). त्यांवर २८५/७० आर १७ चे मड टायर. पुढे स्ट्रटवर, म्हणजे स्प्रिंग-शॉकअपच्या जोडावर, स्पेसरचा ठोकळा, मागे पाट्याखाली, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगखाली, लोखंडी ब्लॉक, आणि गाडी तीन इंच वर. यालाच लिफ्ट किट म्हणतात.

गाडी रॅम्पवर घेतली तेव्हा मालकाचं म्हणणं होतं, "मिस्त्री, तीन नको तर नको, दोन इंच तरी वर घ्या की!"

"घेऊ की मालक. पण नेमकं कुठं घासतंय ते तरी आधी बघूया. चुना आणा."

चुन्याची परीक्षा

ही परीक्षा फुकटात होते आणि कुठल्याही गाडीवर चालते. गाडीचं पोट पाण्याने धुऊन पूर्ण वाळवायचं. घरच्या भिंतीला लावतो तसा चुना जरा घट्ट कालवून ब्रशने खालच्या प्रत्येक उंचवट्याला लावायचा: पुढच्या बंपरची खालची कड, स्किड प्लेट, साइड स्टेपचे ब्रॅकेट, गिअरबॉक्सखालचा आडवा बार, मागच्या डिफरन्शिअलचा गोळा (अ‍ॅक्सलच्या मधला गिअरचा डबा), शॉकअपचे खालचे कान, टो-हिच (मागे ट्रेलर जोडायचा हूक), स्पेअर चाकाचा तळ. सायलेन्सर, ब्रेकच्या डिस्क आणि रबरी नळ्या सोडायच्या. चुना वाळला की नेहमीचं वजन भरून, नेहमीच्या वेगाने, नेहमीच्या वाटेने जायचं. कोरड्या दिवशी जायचं, नाहीतर पाण्याचे शिंतोडेच चुना धुऊन नेतात. परतल्यावर जिथे चुना खरवडून खालचं लोखंड चकाकतं, ती घासायची जागा.

या गाडीत चार जागा चकाकल्या. डाव्या साइड स्टेपचे दोन ब्रॅकेट, टो-हिचचं टोक, पुढे बसवलेल्या लोखंडी गार्डचा खालचा पाईप आणि डिफरन्शिअलच्या गोळ्यावर दोन बोटं रुंद एक चरा. स्किड प्लेट, आडवा बार आणि शॉकअपचे कान यांवरचा चुना जसाच्या तसा होता.

चारपैकी तीन वस्तू कंपनीतून गाडीबरोबर आलेल्या नव्हत्याच, नंतर हौसेने लावलेल्या होत्या. साइड स्टेपचे ब्रॅकेट चॅसिसच्या खालच्या रेषेपेक्षा ३५ मिमी खाली लोंबत होते. टो-हिच वर्षभरात एकदाही वापरलेली नव्हती. गार्डचं तर ओझंच पुढच्या स्प्रिंगांवर होतं. असे गार्ड लावू देऊ नयेत असं केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलं आहे. कारण सरळ आहे. धडक बसली की जोर बंपरच्या चुरडणाऱ्या भागाऐवजी थेट चॅसिसला जातो, एअरबॅगचं गणित बिघडतं, आणि पायी चालणाऱ्याला लोखंडाचा फटका बसतो.

तिन्ही वस्तू काढल्या. गार्ड निघाल्यावर पुढची बाजू १२ मिमी उठली. हबच्या (चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या) मध्यापासून वरच्या फेंडरच्या कडेपर्यंत टेप लावून आधी आणि नंतर माप घेतलं होतं, म्हणून हा आकडा सांगता येतो. लिफ्टचा विषय काढणाऱ्या प्रत्येकाने चारही चाकांची ही मापं सपाट फरशीवर घेऊन वहीत लिहून ठेवावीत. त्यांच्याशिवाय "किती वर घेतली" या प्रश्नाला अर्थच नाही.

राहिला डिफरन्शिअलवरचा चरा. तो कुठल्याच लिफ्ट किटने गेला नसता. मागचा अ‍ॅक्सल चाकांना जोडलेला सलग दांडा आहे. स्प्रिंग उंच केली की चॅसिस आणि हौदा वर जातो, पण अ‍ॅक्सल आणि त्याच्या मधला गोळा जमिनीपासून तेवढाच राहतो. त्याला उचलणारी एकच गोष्ट म्हणजे टायरचा व्यास, आणि व्यास जितका वाढेल त्याच्या निम्मीच उंची मिळते.

फाटलेले टायर काय सांगत होते

दोन्ही टायर मालकाने टाकले नव्हते, हे बरं झालं. एकाच्या बाजूवर दोन समांतर चिरा होत्या, एक वर रिमच्या कडेशी, एक खाली खांद्याजवळ. दगड आणि रिम यांच्या कात्रीत रबर सापडलं की अशाच चिरा पडतात. त्याच चाकाची रिमही आतल्या कडेला चेपलेली निघाली. दुसऱ्याची गोष्ट वेगळी होती. जांभ्याच्या धारेने बाहेरून एकच तिरका काप, आतले धागे उघडे. पहिल्याचं कारण हवा कमी आणि बाजूची उंची कमी. दुसऱ्याचं कारण बाजूचं रबर पातळ.

मूळ टायर २५५/६० आर १८, हायवे पद्धतीचे. यातला ६० म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ६० टक्के, म्हणजे १५३ मिमी. रिमचे १८ इंच म्हणजे ४५७ मिमी. दोन्हीकडची बाजू धरून पूर्ण व्यास ७६३ मिमी. हे गणित एकदा हाताला बसलं की दुकानात कुणी गोंधळात टाकू शकत नाही. पर्याय असे तपासले:

२६५/६० आर १८: व्यास ७७५. बाजू फक्त ६ मिमीने वाढते. शिवाय या मापाला किमान साडेसात इंच रुंद रिम लागते आणि मूळ रिम ७ इंची आहे. अरुंद रिमवर टायर चढतो, दिसतोही ठीक, पण त्याचा पृष्ठभाग मधे फुगतो आणि मधलाच पट्टा झिजतो. बाद.

२६५/६५ आर १७: व्यास ७७६, म्हणजे १.७ टक्के जास्त. बाजू १७२ मिमी, मूळपेक्षा १९ मिमी उंच. रिम साडेसात इंची हवी.

२६५/७० आर १७: व्यास ८०३, ५.२ टक्के जास्त. डिफरन्शिअलखाली २० मिमी मिळतात, पण चाक पूर्ण वळवल्यावर फेंडरच्या आतलं प्लास्टिक कापावं लागण्याची पाळी येते.

२८५/७० आर १७, म्हणजे कोटेशनमधला: व्यास ८३१, जवळजवळ ९ टक्के जास्त. गाडी १००० किलोमीटर दाखवेल तेव्हा प्रत्यक्षात १०८९ झालेले असतील. सगळे गिअर नऊ टक्क्यांनी लांब झाल्यासारखे होतात. करूळ घाटात वर येताना जिथे तिसरा पुरायचा तिथे दुसरा टाकावा लागेल, आणि ब्रेकला जास्त मोठं, जास्त जड चाक थांबवावं लागेल.

२६५/६५ आर १७ ठरलं. आणखी एक व्यवहारी कारण होतं. हे टोयोटाच्या हायलक्स-फॉर्च्युनर घराण्याचं माप आहे, त्यामुळे ऑल-टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्ची वाट दोन्हींसाठीचा, टायर सहज मिळतो आणि रिमही मिळतात. पाणंदीत अडकलेल्या माणसाला दुर्मीळ मापाचा टायर काही कामाचा नाही.

मड टायर का नको? या गाडीचं शंभरातलं नव्वद किलोमीटरहून जास्त चालणं डांबरीवर आहे. मड टायरच्या ठोकळ्यांमध्ये मोकळी जागा जास्त असते, म्हणून ओल्या डांबरावर रबर कमी टेकतं आणि ब्रेकचं अंतर वाढतं. गगनबावड्याकडे पाऊस कसा पडतो हे इथल्या माणसाला सांगायला नको. तिथल्या ओल्या घाटवळणावर गाडी थांबणं हे चिखलातून निघण्याच्या आधी येतं. शिरोळ-हातकणंगल्याकडच्या काळ्या रानात रोज गाडी घालणाऱ्याचा निकाल वेगळा लागू शकतो. काळी माती ऑल-टेरेनच्या खाचांत लिंपून बसते आणि टायर गुळगुळीत गोळा होतो. तांबड्या मातीत आणि जांभ्यावर मात्र ऑल-टेरेन पुरतो.

घेताना तीन गोष्टी बाजूवर वाचल्या. भार निर्देशांक ११२, म्हणजे एका टायरला ११२० किलो. नवा टायर मूळच्यापेक्षा कमी निर्देशांकाचा कधीच घ्यायचा नाही. उत्पादनाची तारीख चार आकड्यांत असते, २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. आणि आयएसआयचा शिक्का. घेतले पाच. फोर बाय फोर लावल्यावर या गाडीत पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल एकमेकांना जखडले जातात, मधे फरक पचवणारं काही नसतं. स्पेअर जुन्या मापाचा ठेवला आणि एके दिवशी तोच लावून फोर हाय (फोर बाय फोरचा नेहमीच्या वेगाचा गिअर) टाकला, तर सगळा ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे दोन्ही अ‍ॅक्सलना जोर वाटणाऱ्या डब्यावर, येतो.

रिम: खरा घोळ इथे असतो

काढीव, म्हणजे दुसऱ्या गाडीवरून उतरवलेल्या, फॉर्च्युनर रिम निवडल्या, १७ इंची, साडेसात रुंद, ऑफसेट ३०. सहा नट, १३९.७ मिमीच्या वर्तुळावर. दोन्ही गाड्यांत हे सारखंच, म्हणून रिम "बसते". पण बसणं आणि जुळणं यात अंतर आहे.

आधी ऑफसेट. मूळ रिमच्या आतल्या बाजूला ३३ कोरलेलं होतं. टायरची रुंदी धरून हिशेब केला तर नवं चाक बाहेरच्या अंगाला ८ मिमी आणि आतल्या अंगाला २ मिमी सरकतं. फेंडरच्या आत राहतं, वरच्या आर्मपासूनही सुरक्षित. कोटेशनमधली उणे १२ ची रिम आणि २८५ चा टायर असता तर बाहेरची कड ६० मिमी पुढे आली असती आणि चाकाची मधली रेषा ४५ मिमी. एवढा फरक पडला की प्रत्येक खड्ड्यात स्टिअरिंग हाताला हिसका देतं, कारण चाक आता लांब तरफेच्या टोकाला आहे. तीच तरफ व्हील बेअरिंगही खाते. आणि चिखल उडून थेट दरवाजाच्या हँडलवर. दिसायला रुबाबदार, हे मान्य. पण रोज वापरायच्या गाडीला ही रिम लावू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

मग मधलं भोक. टोयोटाच्या या रिमचं भोक १०६.१ मिमी, आणि इसुझूचा हब त्याहून लहान. मधे फट राहते. चाकाचं केंद्र मग हबऐवजी नटांच्या भरवशावर ठरतं आणि ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. मालक बॅलन्सिंग करून करून दमतो, दोष मात्र तिथे नसतोच. उपाय म्हणजे हब रिंग. बाजारात प्लास्टिकच्या मिळतात, पण घाट उतरताना ब्रेक तापले की त्या मऊ पडतात. कोल्हापुरात लेथ शोधायला लांब जावं लागत नाही. हब व्हर्निअरने तीन ठिकाणी मोजून उद्यमनगरात अ‍ॅल्युमिनियमच्या चार रिंगा उतरवून घेतल्या. बाहेरचा व्यास १०६, आतला हबपेक्षा ०.१ मिमी सैल, कडेला चढायला बारीक उतार. बसवताना ग्रीसचा पातळ हात, नाहीतर पावसाळ्यानंतर रिंग हबला चिकटते.

तिसरी गोष्ट नट. इथे चूक झाली तर चाक निखळतं, म्हणून थांबून सांगतो. टोयोटाच्या या अलॉयला सपाट बुडाचा, वॉशर असलेला नट लागतो, ज्याची नळी भोकात उतरते. बऱ्याच गाड्यांचे नट निमुळते असतात. निमुळता नट सपाट बैठकीवर आवळला की फक्त एका बारीक कडेवर टेकतो. पाना कट्‌ म्हणतो, माणसाला वाटतं आवळला. दोनशे किलोमीटरनंतर तो सैल. एक नट हातात घेऊन रिमच्या भोकात उलटसुलट बसवून बघायचा, बैठकीची चमक आणि नटाची चमक पूर्ण गोलावर जुळायला हवी. या गाडीला एम १२, १.५ पिचचे सपाट बैठकीचे २४ नट वेगळे घेतले. स्पेअरची जुनी बैठक आणि नवे नट अशी सरमिसळ होऊ नये म्हणून पाचवी रिमही त्याच जातीची. आवळले टॉर्क पान्याने, ताऱ्याच्या क्रमाने, मॅन्युअलमधल्या आकड्याला. १०० किलोमीटरनंतर पुन्हा.

काढीव रिम घेताना टायर दुकानातल्या बॅलन्सिंग मशीनवर नुसती रिम फिरवून बघायची. आतली कड लाटेसारखी हलली तर ती पिटून सरळ केलेली आहे. पाचपैकी एकीची कड हलली, ती परत केली. उरलेल्यांच्या आऱ्यांच्या मुळाशी लाल डाय मारून, वरचा पुसून, पांढरा डेव्हलपर फवारला. शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत काम केलेल्या कुणालाही ही डीपी टेस्ट समजावावी लागत नाही. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल केस उमटतो. एकीतही उमटला नाही. परत केलेल्या रिमच्या जागी आलेलीही अशीच तपासली.

लिफ्ट का नाही

चुन्याने लिफ्टची गरजच काढून घेतली होती. तरी मालकाला कोटेशनमधल्या किटचा प्रत्येक भाग दाखवला, कारण हा मोह पुन्हा होतो.

पुढे स्ट्रटच्या डोक्यावर बसणारा २५ मिमीचा स्पेसर गाडी २५ मिमी उचलत नाही. स्ट्रट खालच्या आर्मच्या साधारण मध्यावर उभा आहे, चाक टोकाला. म्हणून चाकापाशी उचल दुपटीच्या जवळ जाते. दोन इंची ठोकळा लावला की आर्म खाली लोंबतो, वरचा बॉल जॉइंट शेवटच्या कोनावर येतो, आणि ड्राइव्ह शाफ्टच्या बुटाच्या (सांध्यावरच्या रबरी टोपणाच्या) घड्या एकमेकींवर घासू लागतात. बूट फाटला की ग्रीस बाहेर, माती आत, आणि काही महिन्यांत वळणावर टक्‌ टक्‌ आवाज. कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंग आपोआप सरळ आणणारा कल, कमी होतो, त्यामुळे पुणे-बेंगळुरू महामार्गावर स्टिअरिंग सरळ राहायला कंटाळा करतं. अलायमेंटच्या मशीनवर तो पूर्ण परत येत नाही, त्यासाठी वेगळे वरचे आर्म लागतात आणि त्यांचा कोटेशनमध्ये उल्लेखही नव्हता.

मागचा ब्लॉक म्हणजे पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामधला लोखंडी ठोकळा. पहिल्या गिअरला जोर दिला की अ‍ॅक्सल स्वतःभोवती पिळवटतो. ब्लॉकमुळे त्या पिळाला तरफ मिळते, पाटा एस आकारात वाकतो. प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो, गाडी उचलताना मधल्या बेअरिंगपाशी थरथर येते. यू-बोल्ट लांब आणि नवेच हवेत. एकदा ताणलेला यू-बोल्ट दुसऱ्यांदा धरत नाही. जादा पाटा घालण्याचाही सल्ला मिळाला होता. त्याने आरसीवरची वजनाची मर्यादा वाढत नाही, आणि रिकामी गाडी खडबडीत वळणावर मागून उड्या मारते. हौदा दोन इंच वर गेला की प्रत्येक पोतं दोन इंच जास्त उचलावं लागतं, हे उचलणाऱ्यालाच कळतं.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच ठामपणे सांगितलं. कलम १८२-अ मध्ये अशा प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. टायर-रिमचा बदल लहान असला तरी तो विमा कंपनीला लेखी कळवला, पावत्या फाईलला लावल्या आणि मूळ १८ इंची संच विकू नका असं मालकाला सांगितलं.

बसवल्यानंतर

एक पुढचं चाक विटांच्या थरावर चढवून स्प्रिंग दाबली आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांना नेलं. नंतर तेच रिव्हर्स घेताना, कारण मागे जाताना चाक किंचित पुढे सरकतं. डाव्या बाजूला चिखल-रबराची आतली कड टायरला लागत होती. रबराचं भोक लांबट करून ते १५ मिमी मागे घेतलं. आत चॅसिसपाशी आणि ब्रेकच्या नळीपाशी सगळीकडे बोट सहज जात होतं. स्पेअर त्याच्या साखळीवर चढवून हलवून पाहिला. मग अलायमेंट.

हवा डांबरावर दारावरच्या तक्त्याप्रमाणे, थंड टायरला. ओढ्यापलीकडच्या चढाआधी २० पीएसआय, आणि वेग २० च्या आत. हवा कमी केली की टायर लांबट पसरतो आणि जांभ्याच्या धारेवर फाटण्याऐवजी तिला अंगावर घेतो. १८ च्या खाली गेलं की वळताना टायर रिमवरून सुटू शकतो. डांबरी लागायच्या आधी हवा परत भरायची, म्हणून बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर गाडीतच ठेवला. पहिला समांतर चिरांचा टायर आठवा: तो २० पीएसआयवर डांबरी खड्ड्यात आपटला होता.

टायरची जागाबदल दर आठ ते दहा हजार किलोमीटरला, स्पेअर धरून पाचही.

पुन्हा चुना लावला, पुन्हा तीच वाट. या वेळी ब्रॅकेट, हिच, गार्ड हे प्रश्नच नव्हते. डिफरन्शिअलखाली टायरच्या मापामुळे साडेसहा मिमी आणि जुन्या रबराच्या झिजेचे पाचेक मिमी परत मिळाले होते. तरी गोळ्यावर एक चरा आला, पहिल्यापेक्षा बारीक, बोटभर रुंदीचा. जागा मालकाने लगेच ओळखली. गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या जाऊन चाकोऱ्या खोल गेल्या होत्या आणि मोरीच्या अलीकडे वीस-पंचवीस फूट मधला उंचवटा तसाच उभा होता. तिथे दोन ट्रॉल्या मुरूम टाकून चाकोऱ्या भरल्या.